पाणी अजून गुलाबी आहे

वडिलांचं तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी गावच्या किनाऱ्यावरून पाच दगड उचलले, ओल्या गोणपाटात गुंडाळले आणि टेम्पोत ठेवले. सोबत समुद्राच्या पाण्याचे पाच मोठे कॅन. आईचं सामान म्हणजे एक ट्रंक, एक वळकटी आणि तांब्याची कळशी, त्यामुळे टेम्पोत जागा भरपूर होती. ड्रायव्हरनं गोणपाट उचकटून बघितलं आणि विचारलं, "साहेब, हे देवाचं हाय काय?" मी हो म्हणून टाकलं. समजावून सांगायची ताकद नव्हती.

मला गावाहून काहीतरी न्यायचं होतं आणि घरातलं काहीच न्यावंसं वाटत नव्हतं, इतकंच खरं. खाऱ्या पाण्याच्या टाकीचं खूळ मात्र जुनं होतं. वाशीला एका दातांच्या डॉक्टरकडे मी तशी टाकी पाहिली होती. त्यानं माझी दाढ उपटली तरी माझं लक्ष त्या पिवळ्या माशांवर. मग फुटपाथवर एक जुनं इंग्रजी पुस्तक मिळालं, ते वाचून वाचून त्याची शिवण उसवली, आणि शेवटी शिरवण्याच्या काचवाल्याकडून तीन फुटी टाकी करून घेतली. ती वर्षभर बाल्कनीत पडून होती. बायको तिच्यात कांदे ठेवायची.

आई आमच्याकडे जुईनगरला आली ती कायमची, असं ठरलं होतं. ठरवणारे आम्ही तिघं, म्हणजे मी, बायको आणि पुण्याची माझी बहीण. आईला कुणी विचारलं नव्हतं. ती आपली महिना-दीड महिना लेकाकडे राहायचं आणि पावसाच्या आधी परत जायचं अशा हिशेबात आली होती. कौलं परतून घ्यायची होती, लाकूडफाटा पडवीत घ्यायचा होता. हे ती रोज बोलून दाखवायची आणि आम्ही रोज "हो, बघू" म्हणायचो.

नव्वदीचं दशक अर्धं सरलं होतं तेव्हाची ही गोष्ट. दुसऱ्या मजल्यावरचा आमचा एका बेडरूमचा फ्लॅट, बायको वाशीच्या एका ऑफिसात, मी पावण्याला रंगाच्या एका कारखान्यात केमिस्ट. कारखान्याच्या सांडपाण्यात अमोनिया किती, नायट्राइट किती हे मोजायचं माझं काम. शिफ्ट आठवड्याला बदलायची. झोप एकदा मोडली की तिची पुन्हा घडी बसेपर्यंत पुढची शिफ्ट उभी. त्या काळातला माझा चेहरा फोटोत बघितला की मलाच त्या माणसाला म्हणावंसं वाटतं, जा बाबा, जरा पड.

आईला आमच्या घरात काम नव्हतं. बायको चांगली, सासूला काडी उचलू द्यायची नाही, आणि तोच जाच झाला होता. आई एकच काम सोडायला तयार नव्हती. सकाळी उठली की आदल्या दिवशीचं पिण्याचं पाणी ओतून द्यायचं, कळशी चिंचेनं लखलखीत घासायची आणि नव्यानं भरायची. रात्र उलटली की पाणी शिळं. तिच्या माहेरी, सासरी, सगळीकडे हेच. गावी विहीर दारात होती, इथे नळाला दिवसातून दोनदा पाणी, त्यात एप्रिल-मे. बायको माझ्याकडे बघायची, मी पेपरात बघायचो. शेवटी बायकोनं ते ओतलेलं पाणी धरायला मोरीत बादली ठेवली आणि वाद मिटला.

तर टाकी. कांदे बाहेर निघाले, हॉलच्या भिंतीशी टाकी मांडली, तळाशी जाळी, तिच्यावर शिंपल्यांची चुरी, मग पाणी, मग ते पाच दगड, आणि हवेची छोटी मोटर. दोन दिवसांत घरभर मेलेल्या खाडीचा वास. प्रवासात दगडांवरचं बरंच काही मेलं होतं ते कुजत होतं. बायकोनं उदबत्त्यांचा पुडा संपवला. मी मात्र खूश, कारण कुजायलाच हवं होतं.

आईला मी हे सगळं एकदा नीट सांगितलं. नवं पाणी दिसायला स्वच्छ असतं, पण त्यात मासा सोडला तर मरतो. आधी काहीतरी कुजतं, त्याचा अमोनिया होतो. तो खाणारे बारीक जीव हळूहळू वाढतात, पण ते जे मागे सोडतात, ते नायट्राइट, तेही विषच. मग ते खाणारे दुसरे जीव यायची वाट बघायची. महिना लागतो, दीड महिना लागतो. मी रोज बाटलीत थोडं पाणी भरून डब्याच्या पिशवीतून कारखान्यात नेतो, नळीत घेऊन औषधाचे थेंब टाकतो. नायट्राइट असलं तर पाणी गुलाबी होतं. ज्या दिवशी गुलाबी होणार नाही, त्या दिवशी पाणी तयार.

"मुरावं लागतं म्हणजे," आई म्हणाली. तिला पहिल्या फटक्यात कळलं. आमच्या शिफ्ट इंचार्जला दोन वेळा सांगूनही कळलं नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी मी रात्रपाळी करून आलो, बूटही काढले नव्हते, आणि आईनं विचारलं, "मला कधी पोचवतोस रे?" मला फक्त आडवं व्हायचं होतं. म्हटलं, "या टाकीत मासे सोडले की दुसऱ्या दिवशी निघू." तोंडाला आलं ते बोललो. आईनं मात्र ते गाठ मारून ठेवलं. त्या दिवसापासून मी घरात पाऊल टाकलं की तिचा पहिला प्रश्न, "काय म्हणतं पाणी?" आणि माझं उत्तर, "अजून गुलाबी आहे."

तिसऱ्या आठवड्यात दगडांतून एकेक मंडळी बाहेर यायला लागली. हे मला अपेक्षित नव्हतं. मला वाटलं होतं प्रवासात सगळं मेलं. प्रथम एक लालसर किडा दिसला, बोटभर लांब, दोन्ही अंगांना पांढऱ्या केसांच्या रांगा. पुस्तक काढलं, पण त्यातली चित्रं काळी-पांढरी आणि छपाई अशी की सगळेच किडे भाऊ-भाऊ. मी चिमटा आणायला उठलो तेव्हा आई चष्मा पुसत जवळ आली.

"तो काय करत नाय कुणाला," ती म्हणाली. "मेलेलं खातो. हात लावू नको, कुसळं टोचतील. राहू दे त्याला."

आईनं उभं आयुष्य ओहोटीला खडकावर कालवं फोडण्यात घालवलेलं. हातात कोयती, कमरेला पाटी. दगड तिच्या ओळखीचे होते. मी तिला नावं विचारली तर हसली. "जे खात नाय त्याला नाव कशाला ठेवायचं?" तिचं शास्त्र सोपं होतं. काही जीव खायचे, काही चावायचे-टोचायचे, आणि उरलेले सगळे असेच. आमच्या दगडांत बहुतेक असेच होते. एका फटीतून पाच बारीक काटेरी हात बाहेर यायचे आणि पाणी चाचपायचे, तो असाच. एका नळीतून पिसांचा झुपका फुलायचा आणि आईच्या हाताची सावली पडली की सर्रकन आत जायचा, तोही असाच. काचेवर तांदळाच्या कणीएवढ्या गोगलगायी आणि दगडाखाली टुणटुण उड्या मारणारे करड्या रंगाचे जीव. त्यांना बघून बायको म्हणाली, "ही झुरळंच आहेत, मला नका सांगू." मी संध्याकाळी पुस्तकात प्रत्येकाचं लांबलचक नाव शोधून काढायचो आणि शेवटी त्याच्यापुढे हेच लिहिलेलं असायचं, निरुपद्रवी. आईचा निकाल आधीच लागलेला असायचा.

ते दिवस बरे गेले. मी कामावरून आलो की चहाचा कप घेऊन आम्ही दोघं टाकीसमोर बसायचो. ती बोलायची, मी ऐकायचो. वडील गेल्यापासून तिच्या तोंडून मी असं सलग बोलणं ऐकलं नव्हतं. एका रविवारी तिला दगडाच्या मागे एक खेकडा दिसला, अंगठ्याच्या नखाएवढा. "हा मात्र चावरा. मोठा झाला की तुझे मासे धरील." आणि मी काही म्हणायच्या आत तिनं लुगड्याचा काठ खोचला, बांगड्या नसलेला हात कोपरापर्यंत पाण्यात घातला, दगड कलता केला आणि खेकडा चिमटीत धरून वर काढला. मला फार गंमत वाटली. बासष्टीच्या बाईचा हात, पण काय सफाई!

त्याच आठवड्यात बुधवारी कारखान्यात नळीत थेंब टाकले आणि पाणी गुलाबी झालं नाही. मी नळी पांढऱ्या कागदासमोर धरली. खिडकीशी नेऊन बघितली. दुसऱ्यांदा टेस्ट केली. पाणी पाण्यासारखंच. पाणी तयार झालं होतं.

घरी आलो. आई दारातच, "काय म्हणतं पाणी?"

मी म्हणालो, "अजून गुलाबी आहे."

का म्हणालो त्याची कारणं मला तेव्हाही ठाऊक होती आणि आजही आहेत. कारखान्याचं वार्षिक शटडाऊन तोंडावर आलं होतं, रजा मागायची सोय नव्हती. बहिणीचा आदल्या दिवशी शेजाऱ्यांकडे फोन आला होता, एकटीला गावी टाकलंस तर लोक काय म्हणतील म्हणून. आणि मी दमलो होतो. आईला गावी पोचवायचं, कौलांसाठी माणसं शोधायची, ती तिथे एकटी पडली-बिडली तर उठून पळायचं, हे सगळं नुसतं मनात आलं तरी माझे पाय दुखायचे. आणि ती गेली की टाकीसमोर मी एकटाच बसणार होतो. खोटं बोलायला एक वाक्य पुरत होतं, तेही रोजचंच.

दुसऱ्या दिवशी तेच बोललो. तिसऱ्या दिवशीही. मी बाटली भरून न्यायचो आणि टेस्ट न करताच बेसिनमध्ये ओतायचो. सवय झाली की खोटंसुद्धा कामासारखं उरकता येतं.

आठवडाभर असं चाललं. आईचे प्रश्न कमी झाले. ती टाकीपासून जरा लांब बसायला लागली. मला वाटलं, रमली. एका सकाळी मी दाढी करत होतो तेव्हा ती न्हाणीच्या दाराशी येऊन उभी राहिली.

"मी त्या दिवशी हात घातला, त्यानं तर बिघडलं नाय ना पाणी?"

"हात घातल्यानं काय बिघडतंय?"

"तसं नाय," ती म्हणाली. "माझा हात आता तसा नाय ना रे."

मला कळलं ती काय म्हणते ते. वडील जाऊन दोन महिने झाले होते. गावात ती आता कुणाच्या हळदीला जाणार नव्हती, नव्या चुलीला हात लावणार नव्हती, पेरणीचं बी मुठीत घेणार नव्हती. हे तिला कुणी सांगावं लागलं नव्हतं. मी तोंडाला फेस तसाच घेऊन म्हणालो, "काहीतरीच काय आई! हे सगळं केमिस्ट्री आहे. हाताबिताचं काही नसतं." तिनं मान हलवली. तेव्हा, तिथेच, मी खरं सांगायला हवं होतं. माझी सातची बस होती.

पुढच्या सोमवारी दुपारी पहिल्या पाळीवरून घरी आलो आणि दारातच थबकलो. टाकी लखलखत होती. काच आतून बाहेरून पुसलेली, पाणी असं नितळ की टाकी रिकामी वाटावी. दगड पांढरट, घासलेले, एकावर एक नीट रचलेले. तळाची चुरीसुद्धा धुतलेली. घरातल्या सगळ्या बादल्या, पिंप, हंडे उपडे. मे महिना, संध्याकाळच्या पाण्याला अजून तीन तास. आई भिंतीला टेकून बसली होती, लुगडं पोटऱ्यांपर्यंत ओलं, आणि तिचा चेहरा किती दिवसांनी मोकळा दिसत होता.

"दीड महिन्याचं शिळं पाणी रे ते," ती म्हणाली. "कसं बरं होईल? सगळं उपसलं. नवं भरलं, खडेमीठ घातलं. चव घेऊन घेऊन घातलं. बघ जिभेला लावून, आपल्या समुद्राचीच चव आहे."

एका फटीतून ते पाच बारीक हात बाहेर लोंबत होते, हलत नव्हते. नळीतला झुपका पाण्यावर तरंगत होता. नळाच्या पाण्याचा औषधी वास येत होता. माझा तोल गेला. शिफ्टचा, गरमीचा, बारा दिवस तोंडात धरलेल्या खोट्याचा, सगळा राग मी त्या बाईवर काढला. काय काय बोललो ते आता सगळं आठवत नाही. एक वाक्य आठवतं.

"तू कशाला हात लावलास?"

हे आपण कुणालाही म्हणतो. दिवसातून दहा वेळा म्हणतो. आईनं आपले हात पदराखाली घेतले आणि ती उठून आतल्या खोलीत गेली. संध्याकाळी बायकोनं तिला ताट वाढलं तर म्हणाली, भूक नाही. माझ्यावर रागावलेलीही दिसत नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिरवण्याची मासळीवाली दार वाजवून पाटी उतरवत बसली. ती आमच्याकडे आठवड्यातून दोनदा यायची, आईशी तिचं बरं जमलं होतं. आई आतून आलीच नाही. बायको ऑफिसला गेलेली, मला सुट्टी. मासळीवालीनं मान वाकडी करून हॉलमध्ये बघितलं.

"दादा, त्या पान्यान म्हावरा सोरला का न्हाय?"

"नाही."

"आता सोरा. पयला तांब्या मी वतलाय," ती हसत म्हणाली. "मीठ बी मीच आनला, मिठागरावरचा. तुमची आय बोलली, माजा हात नको, तुजं कुंकू हाय, तू वत. मंग मी वतला. आता कायच व्हनार न्हाय बगा."

मी तिच्याकडून काय घेतलं ते आठवत नाही. ती गेल्यावर मी दार लावून तसाच उभा राहिलो. दहा-बारा बादल्या पाणी उपसलं आणि भरलं आईनं, एकटीनं, त्या उन्हाळ्यात. पण पहिल्या तांब्यासाठी ती एका सवाष्णीची वाट बघत थांबली होती, आणि त्या आधी आठवडाभर हे मनात घेऊन एकटीच बसली होती. मी रोज घरी येऊन तिला सांगत होतो की पाणी अजून बिघडलेलंच आहे.

मी आत गेलो. ती खाटेच्या कडेला बसली होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. पाणी तेव्हाच तयार झालं होतं. तू खेकडा काढलास त्याच्या तिसऱ्याच दिवशी. मी खोटं बोललो. रोज खोटं बोललो. तुला पोचवायला लागू नये म्हणून.

मी शिव्यांची वाट बघत होतो. आईला चांगल्या शिव्या येतात. लहानपणी गावच्या वाटेनं मला फोकानं मारत घरी आणताना तिनं माझ्या सात पिढ्या उद्धरल्या होत्या.

ती म्हणाली, "म्हणजे मी हात घातला त्याच्यानंतर झालं तयार?"

"हो."

"त्यानं बिघडलं नव्हतं?"

"नाही आई. उलट झालं होतं तयार."

तिनं पदराखालचे हात काढून मांडीवर ठेवले. पुढे काही विचारलं नाही. मी खोटं का बोललो, आता मासे कधी येणार, यातलं काहीच नाही. दुपारी ती भात जेवली.

मी शटडाऊनच्या तोंडावर चार दिवसांची रजा टाकली आणि साहेबाचं बोलणं खाल्लं. बहिणीला कळवलं नाही. शनिवारी सकाळी मी आणि आई एसटीनं निघालो, तीच ट्रंक, तीच वळकटी. टाकी तशीच ठेवली होती, ती मरो की जगो, मला बघायची इच्छा नव्हती. पनवेल मागे पडलं. आई खिडकीशी, मी तिच्या शेजारी, आणि मला डुलकी लागत होती. तिनं कोपरानं मला ढोसलं.

"खरंच झालं होतं ना रे तयार? का मला बरं वाटावं म्हणून सांगतोस?"

"खरंच झालं होतं," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघायला लागली. याही वेळी तिनं माझ्या शब्दावर विश्वास ठेवला.